बाटली क्रमांक ३५५

बडोद्यात समुद्र बाटल्यांमधून राहतो.
प्राणिशास्त्राच्या तळघरात, तिसऱ्या मांडणीवर,
झाकणांना मेण, मेणावर धूळ,
आणि वरच्या झरोक्यातून दिसणारे
सेव-उसळीच्या गाडीकडे निघालेले पाय.

मला याद्या करायला ठेवलंय, अकरा महिन्यांच्या करारावर.
काल विश्वामित्रीच्या पुलाखाली मगर वर आली होती,
रिक्षा थांबवून लोक बघत होते.
मगर ओळखायला किल्ली लागत नाही.
किल्ली लागते ती याला:
सरगॅसमच्या काडीवरची ही पांढरट लव,
जुन्या यादीत कुणीतरी ‘शेवाळ?’ एवढं लिहून सोडलेली.

भिंगाखाली लव उभी राहते.
एक वेल सरपटत गेलेली, तिच्यावर देठ,
देठांच्या बुडाशी वळ्या, घट्ट बांगड्या चढवाव्यात तशा,
आणि टोकाला पेला,
अर्ध्या मिलिमीटरचा, काचेसारखा.
आत आक्रसून बसलेला जीव.
सत्तर वर्षांपूर्वी दचकला, तो दचकलेलाच.

किल्ली विचारते,
पेल्याला झाकण आहे? नाही. पाचवर जा.
देठ आहे? आहे. नऊवर जा.
काठ सपाट की दातेरी?
मोजले. बारा.
पुन्हा मोजले. अकरा.
एक मोडलाय, की माझीच पापणी लवली?
किल्लीला असले जबाब चालत नाहीत.

मग एका देठाशी वेगळीच कुपी दिसली
आणि तिच्यात, एकीवर एक रचलेल्या,
छत्र्या.

या सुटतात, पोहत जातात, इवल्या जेलीफिश होऊन.
पूर्वी विद्वानांनी चिकटलेल्याला एक नाव दिलं
आणि सुटलेल्याला दुसरं.
दोन कपाटं, दोन कुळं.
कुणीतरी काचेच्या भांड्याशी रात्रभर जागलं
तेव्हा कळलं, हे त्याचंच.

चिठ्ठी बाटलीत आतच आहे,
शिसपेन्सिलीची, म्हणून स्पिरिटने न पुसलेली:
ओखा, ओहोटी, १५ जानेवारी १९५५.
संग्राहक कु. दमयंती चित्रे.
पाचाचं शेपूट गळासारखं वर वळलेलं.

कु. चित्र्यांच्या बाटल्या एकोणीस, मे छप्पनपर्यंत.
पुढे एकही नाही.
पुढे रजिस्टरात सौ. शैलजा कारखानीस, रोजंदारीवर,
बाटल्यांत स्पिरिट भरल्याच्या नोंदी.
अर्धा लिटर. पाऊण लिटर.
वर्षानुवर्षं दर दिवाळीनंतर: ३५५, स्पिरिट भरले.
पाचाचं शेपूट गळासारखं वर वळलेलं.

दोन्ही कागद दिव्याखाली शेजारी धरले.
रणछोडभाई निवृत्त होऊनही येतात, त्यांना विचारलं.
‘चित्रे? एवां कोई नहोतां.
कारखानीसबेन हतां. बहु ओछुं बोलतां.’

ताटातल्या तांदळांत अंगठीने
कुणीतरी लिहिलं असेल: शैलजा.
पाहुण्यांनी वाचलं असेल, पेढे घेतले असतील,
आणि ते तांदूळ नंतर शिजवलेही असतील.

आमच्या शास्त्रात नियम आहे,
एकाच जिवाला दोन नावं पडली तर आधीचं खरं.
नंतरचं पुसत नाहीत,
खाली लिहितात, बारीक अक्षरात.

नवी चिठ्ठी कापली.
क्लायटिया. जाती अनिश्चित. दात अकरा किंवा बारा.
संग्राहक: दमयंती चित्रे.
खाली, बारीक, लिहायला गेले आणि पेन्सिल थांबली.
तिला स्वतःला कुठलं आवडायचं,
हे कुठल्या रजिस्टरात असतं?

‘बेन, ताळुं मारुं छुं,’ वरून हाक आली.
दोन मिनिटं, म्हटलं.
बाटलीत स्पिरिट उतरलं होतं.
पाव लिटर घातलं,
आणि नोंदीत ३५५ लिहिताना
माझ्या पाचाकडे
पहिल्यांदाच नीट पाहिलं.